तळाची खात्री : सामान्यीकृत बहिर्वक्रतेची प्रस्तावना

फलाची किमान किंवा कमाल किंमत शोधणे हे इष्टतमीकरणाचे काम. काम सांगायला सोपे आहे. अवघड जाते ते शोध संपला हे ठरवणे. एखाद्या ठिकाणी उभे राहून आजूबाजूला पाहिले आणि चहूकडे चढच दिसला, तर पायाखालची जागा खोलगट आहे एवढेच कळते. सर्वांत खोल जागा हीच की डोंगरापलीकडे आणखी खोल दरी आहे, हे तिथून दिसत नाही. गणित करणाऱ्या यंत्रालाही ते दिसत नाही. त्याच्या हाती त्या बिंदूवरची किंमत आणि तिथला चढ एवढीच माहिती असते. स्थानिक तळ हाच खरा तळ ठरण्याची खात्री फलाच्या आकारातून मिळावी लागते. ही खात्री देणारा सर्वांत जुना आणि भरवशाचा गुण म्हणजे बहिर्वक्रता, इंग्रजी पुस्तकांतली कॉन्व्हेक्सिटी. तो गुण किती सैल केला तरी खात्री शाबूत राहते, हा सामान्यीकृत बहिर्वक्रतेचा विषय आहे.

वऱ्हाडची जमीन या विषयाचा नकाशाच आहे. जुन्या वऱ्हाडचे तीन पट्टे मानले जात: उत्तरेला सातपुड्याचा मेळघाट, मधे पूर्णेच्या खोऱ्याचा पयानघाट आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट. सुमारे ११०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याहून दक्षिणेकडे निघाले की गाविलगडाचा कडा उतरून माणूस पठारावरून मैदानात येतो. मग सपाट काळी जमीन, पूर्णा, अकोला, आणि पुढे पातूरचा घाट चढून साडेपाचशे मीटरच्या आसपास वसलेले वाशीम. मधले ओढे, बांध आणि लहानसहान उंचवटे बाजूला ठेवले, तर या वाटेवरचा जमिनीचा उभा छेद हे एक फल मानता येते. आडव्या अक्षावर चाललेले अंतर, उभ्या अक्षावर उंची.

बहिर्वक्रतेची कसोटी दोराची आहे. छेदावरचे कोणतेही दोन बिंदू निवडून त्यांच्यामध्ये दोर ताणून बांधायचा. दोर कुठेही जमिनीत शिरला नाही, तर फल बहिर्वक्र. कढईचा छेद या कसोटीला उतरतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अभियंता असलेल्या योहान येन्सन यांनी १९०६ साली बहिर्वक्र फलांवर निबंध प्रसिद्ध केला आणि ही कल्पना गणितात स्वतंत्रपणे उभी राहिली. दोरातून तळाची खात्री कशी निघते हे दोन वाक्यांत सांगता येते. समजा आपण एका खोलगट जागी उभे आहोत आणि दूर कुठे त्याहून खालची जागा आहे. मग तिथपर्यंत ताणलेला दोर पायापासूनच खाली उतरत जाईल, आणि जमीन दोराच्या खाली असल्याने पहिल्याच पावलाला उतार लागेल. म्हणजे आपण उभे होतो ती जागा खोलगट नव्हतीच.

आता हाच दोर गाविलगडाच्या कड्याला लावून पाहावा. एक टोक पठारावर आत, काठापासून बरेच मागे. दुसरे टोक कड्याच्या मध्यावर. दोर थेट डोंगराच्या पोटात शिरतो. पठाराचा काठ फुगीर आहे, उतार आधी वाढत जातो आणि पायथ्याशी पुन्हा कमी होतो. म्हणजे मेळघाट ते बालाघाट हा छेद बहिर्वक्र नाही. तरीही त्या वाटेवर मधे दुसरी दरी नाही. पूर्णेच्या काठाखेरीज कुठे तळ नाही. खात्री आहे, बहिर्वक्रता मात्र नाही. दोराची कसोटी गरजेपेक्षा कडक आहे, हे इथे उघड दिसते.

म्हणून दुसरी कसोटी. कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये सरळ चालत जाताना वाटेतली उंची दोन टोकांपैकी जे टोक उंच त्याच्या वर जात नसेल, तर फल क्वासी-बहिर्वक्र. हेच पूररेषेच्या भाषेत जास्त नीट दिसते. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढवले तर बुडालेली जमीन सलग असते का? बुडालेल्या कोणत्याही दोन जागा जोडणारी सरळ रेषाही पाण्याखालीच असते का? प्रत्येक पातळीला उत्तर ‘हो’ असेल, तर फल क्वासी-बहिर्वक्र. पूर्णेच्या खोऱ्यात पाणी कितीही चढवले तरी आपल्या छेदावर एकच तळे होईल. पाण्याची दोन वेगळी तळी होऊन मधे कोरडी वरंब उरली, तर कसोटी मोडली. इटलीचे ब्रुनो दे फिनेत्ती यांनी १९४९ साली या थरांचाच अभ्यास केला. व्हेर्नर फेन्शेल यांच्या १९५३ च्या प्रिन्स्टनमधील व्याख्यानांतून ही फले अभ्यासकांत पसरली. त्याच्याही आधी १९२८ साली जॉन फॉन नॉयमन यांनी खेळांच्या सिद्धांतात हा गुण वापरला होता, नाव न देता. अर्थशास्त्रात केनेथ ॲरो आणि ॲलन एन्थोव्हेन यांच्या १९६१ च्या निबंधानंतर तो रोजचाच झाला. ग्राहकाच्या पसंतीला पातळ्या असतात, त्या पातळ्यांना आकडे कोणते द्यायचे हे मात्र ठरलेले नसते. आणि आकडे बदलले तरी पूररेषा बदलत नाहीत. क्वासी-बहिर्वक्रतेचे हे मोठेच बळ आहे. फलाचे वर्गमूळ घ्या किंवा लॉगॅरिदम घ्या, चढता क्रम राखला की गुण टिकतो. बहिर्वक्रता अशा बदलाला टिकेलच असे नाही.

पण सैल कसोटीची किंमत द्यावी लागते, आणि ती सपाट जागेत द्यावी लागते. हे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात समजून घ्यावे. अमेरिकेतील मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली क्षार आणि पीक यांचे नाते एका साध्या रेषेने मांडले. कपाशीसाठी जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ७.७ डेसिसायमन प्रति मीटर होईपर्यंत उत्पादन घटत नाही. त्यापुढे दर एककाला ५.२ टक्के घटते. हिशेब केला तर २७ च्या जरा अलीकडे उत्पादन शून्यावर येते आणि त्यापुढे शून्यच राहते. खारपाणपट्ट्यातला प्रश्न नुसत्या क्षाराचा नाही, सोडियममुळे जमिनीत पाणी मुरत नाही हाही आहे. पण इथे आलेखाचा आकार पाहायचा आहे. आधी सपाट, मग उतरता, मग पुन्हा सपाट. इथे कमाल शोधायची असल्याने कसोट्या उलट्या धरायच्या, बहिर्वक्रच्या जागी अंतर्वक्र. हा आलेख क्वासी-अंतर्वक्र आहे, अंतर्वक्र नाही. आता ३० च्या जमिनीत उभे राहून चढ मोजला तर तो शून्य. क्षार थोडा कमी केला तरी शून्य, वाढवला तरी शून्य. चढ शून्य दिसला म्हणून शिखर गाठले असे यंत्र म्हणेल, आणि शेत ओसाड असेल.

ही फसगत टाळणारा गुण १९६५ साली ओल्व्ही मँगासेरियन यांनी नेमका सांगितला आणि त्याला स्यूडो-बहिर्वक्र हे नाव दिले. मागणी एवढीच: दूर कुठे खालची जागा असेल, तर तिच्या दिशेने इथूनच, पहिल्या पावलापासून, खरा उतार लागला पाहिजे. उतार वाटेत कितीही कमीजास्त होवो. शून्य तेवढा होऊ नये. मग चढ शून्य असलेली प्रत्येक जागा खरा तळ ठरते. चढ काढता येणाऱ्या फलांमध्ये बहिर्वक्र ते सगळे स्यूडो-बहिर्वक्र, आणि स्यूडो-बहिर्वक्र ते सगळे क्वासी-बहिर्वक्र. उलट दिशेने हे खरे नाही.

या नावांमागे मोठी गरज उभी होती. मर्यादा घातलेल्या प्रश्नात तळ कुठे असू शकतो याच्या अटी विल्यम कारुश यांनी १९३९ साली शिकागोत एम.एस्सी.च्या प्रबंधात काढल्या होत्या. हॅरल्ड कून आणि आल्बर्ट टकर यांनी १९५१ साली त्या स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्या. मर्यादा थोड्याफार नीट वागत असतील, तर तळावर या अटी पाळल्या जातात. पण अटी पाळल्या म्हणजे तळ सापडला, असे म्हणायला पूर्वी सगळी फले बहिर्वक्र लागत. मँगासेरियन यांनी दाखवले की ज्याची किमान किंमत हवी ते फल स्यूडो-बहिर्वक्र आणि मर्यादांची फले क्वासी-बहिर्वक्र असली तरी पुरे. कामाची वाटणीही स्वाभाविक आहे. मर्यादांकडून फक्त सलग रान हवे असते, ते पूररेषेने मिळते. ज्याचा तळ शोधायचा त्याच्याकडून प्रत्येक पावलाला उताराची खूण हवी असते.

या विषयाचे सर्वांत जवळचे आणि व्यवहारातले उदाहरण गुणोत्तराचे आहे, आणि त्यावर जरा रेंगाळणे योग्य आहे. जिनिंगमध्ये कापूस उतरतो तेव्हा रुईचा उतारा पाहिला जातो, म्हणजे कापसाच्या वजनात रुई किती टक्के निघाली. समजा एका गंजीतल्या १०० क्विंटल कापसातून ३४ क्विंटल रुई निघाली, उतारा ३४ टक्के. दुसऱ्या गंजीतल्या ५० क्विंटलमधून १९ निघाली, उतारा ३८ टक्के. दोन्ही एकत्र केल्या तर १५० क्विंटलमधून ५३, म्हणजे ३५.३ टक्के. मिश्रणाचा उतारा दोन्हींच्या मधेच पडणार. चांगल्या गंजीहून वर जाणार नाही, वाईट गंजीहून खाली जाणार नाही. हे जिनिंगवरच्या कोणालाही सांगावे लागत नाही. गणिताच्या भाषेत मात्र यातून एक प्रमेय निघते: दोन रेषीय राशींचे गुणोत्तर, छेद धन असेल तोवर, एकाच वेळी क्वासी-बहिर्वक्रही असते आणि क्वासी-अंतर्वक्रही.

ते बहिर्वक्र का नाही, हे शेतीच्या हिशेबात दिसते. समजा पिकांच्या तीन योजना आहेत. पहिलीत ५० हजार खर्च आणि ६० हजार उत्पन्न, रुपयामागे १.२. दुसरीत खर्च ६०, उत्पन्न ९०, रुपयामागे १.५. तिसरीत खर्च ४०, उत्पन्न ६०, तेही १.५. पहिली आणि दुसरी निम्मी-निम्मी केली, तर खर्च ५५, उत्पन्न ७५, गुणोत्तर १.३६, दोन गुणोत्तरांची सरासरी १.३५, तिच्याहून वर. पहिली आणि तिसरी निम्मी-निम्मी केली, तर खर्च ४५, उत्पन्न ६०, गुणोत्तर १.३३, सरासरीहून खाली. एकाच फलाचा आलेख एका दिशेने दोराच्या वर फुगतो आणि दुसऱ्या दिशेने खाली झोळतो. दोराची कसोटी दोन्ही अंगांनी मोडते. तरी प्रत्येक वेळी उत्तर १.२ आणि १.५ यांच्या मधेच आहे.

कृषी विद्यापीठांच्या पीक-प्रयोगांच्या तक्त्यांत एकरी किंवा हेक्टरी नफ्याशेजारी लाभ-खर्च गुणोत्तराचा रकाना असतो. २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तो पाठच असतो. त्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा कोणत्या पीकयोजनेने मिळेल, असे विचारले की प्रश्न गुणोत्तराच्या इष्टतमीकरणाचा होतो. त्याला फ्रॅक्शनल प्रोग्रामिंग म्हणतात. हंगेरीचे बेला मार्तोश यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा पाया घातला. १९६२ साली अब्राहम चार्न्स आणि विल्यम कूपर यांनी सुंदर युक्ती काढली: एकूण खर्च एक रुपया धरायचा, त्या रुपयात कपाशीचा वाटा किती, तुरीचा किती, सोयाबीनचा किती एवढेच विचारायचे, आणि जमीन-पाण्याच्या मर्यादाही त्याच मापाने आटवायच्या. गुणोत्तर नाहीसे होते, साधे लिनिअर प्रोग्रामिंग उरते. भारतीय गणिती कांती स्वरूप यांनी १९६५ साली रूपांतर न करताच सिम्प्लेक्स पद्धत थेट गुणोत्तरावर चालवून दाखवली. कोपऱ्याकोपऱ्याने पुढे जाणारी ती पद्धत मधेच चुकीच्या कोपऱ्यावर अडकत नाही, याचे कारण वर आलेच आहे.

वर्नर डिंकेलबाख यांची १९६७ ची रीत तर हातानेही करता येते. रुपयामागे १.२ ही अपेक्षा धरून प्रत्येक योजनेच्या उत्पन्नातून खर्चाच्या १.२ पट वजा करावी. पहिलीत शून्य उरते, दुसरीत १८, तिसरीत १२. दुसरी पुढे, तिचे गुणोत्तर १.५ ही नवी अपेक्षा. पुन्हा वजा केले तर पहिलीत उणे १५, दुसरीत आणि तिसरीत शून्य. जास्तीत जास्त शिल्लक शून्य आली की थांबावे, १.५ हेच उत्तर. दुसरी आणि तिसरी योजना इथे बरोबरीत आल्या, पण त्यांच्यात फरक मोठा आहे: दुसरीत हातात ३० हजार उरतात, तिसरीत २०. पैसा कर्जाऊ आणि मोजका असेल तर रुपयामागचा हिशेब खरा. जमीन मोजकी आणि पैसा हाताशी असेल तर एकरी शिल्लक पाहिली पाहिजे. कोणते फल निवडायचे हे गणित ठरवत नाही, आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यावरून शेतकऱ्याला सल्ला देणाऱ्याने हे विसरू नये.

या फलांचा एक मोठा दोष सुरुवातीलाच माहीत असावा: त्यांची बेरीज करता येत नाही. दोन बहिर्वक्र फलांची बेरीज बहिर्वक्रच असते. क्वासी-बहिर्वक्र फलांना हे लागू नाही. अकोला आणि अमरावती यांच्यामध्ये कापसाचे एक गोदाम उभारायचे आहे, दोन्हीकडे माल सारखाच जातो, आणि हिशेब सोपा पडावा म्हणून अंतर १०० किलोमीटर धरू. खर्च अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढत असेल, तर कोणत्याही टोकाला १०,००० आणि मधोमध, मूर्तिजापूरच्या आसपास, ५,०००; मध्य सर्वांत स्वस्त. खर्च अंतराच्या प्रमाणात असेल, तर कुठेही १००. जागा कोणतीही चालेल. पण ट्रकचे भाडे लांब पल्ल्याला किलोमीटरमागे कमी पडते. ते अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते असे धरले, तर टोकाला ० अधिक १०, म्हणजे १०. मध्यावर दोनदा ७.०७, म्हणजे १४ च्या वर. आता मूर्तिजापूर सर्वांत महाग. अकोल्याचे भाडे एकट्याने पाहिले तर क्वासी-बहिर्वक्र आहे, अमरावतीचेही. बेरजेला मात्र दोन तळ आले, दोन टोकांना एकेक, आणि मधे डोंगर. कारखान्यांच्या, वाहतुकीच्या, साठवणुकीच्या प्रश्नांत खर्चाची बेरीज अटळ असते. म्हणून सुटे भाग चांगले दिसले तरी बेरीज पुन्हा तपासावी लागते.

१९८१ मध्ये मॉर्गन हॅन्सन यांनी आणखी एक गाठ सोडली. आतापर्यंतच्या सगळ्या कसोट्यांत एका जागेकडून दुसरीकडे जायची वाट सरळ होती. हॅन्सन म्हणाले, सरळच का? दोन जागांमधल्या सरळ दिशेऐवजी त्या जोडीसाठी दुसरी एखादी दिशा नेमता आली आणि तिच्या हिशेबाने बहिर्वक्रतेची असमानता टिकली, तरी कारुश-कून-टकर अटी पुरेशा ठरतात. सरळ रेषेत वरंब आडवी येते, पण घाटातली नागमोडी वाट उतरतच जाते, असे काहीसे. त्याच वर्षी ब्रूस क्रेव्हन यांनी या फलांना इन्व्हेक्स हे नाव दिले. मग १९८६ साली आदी बेन-इस्रायल आणि बर्ट्रम माँड यांनी दाखवले की एकटे फल इन्व्हेक्स असणे आणि त्याची चढ-शून्य अशी प्रत्येक जागा खरा तळ असणे, या दोन्ही गोष्टी एकच आहेत. इथे कोणी विचारील की मग नवे काय सांगितले? शंका रास्त आहे. एकट्या फलापुरते इन्व्हेक्स हे त्या खात्रीचेच दुसरे नाव आहे. खरी पकड येते ती मूळ फल आणि सगळ्या मर्यादा यांना एकच दिशा-नियम लागू होतो तेव्हा, आणि तो नियम शोधणे हे सोपे काम नाही. यावर भारतात पुष्कळ लेखन झाले, आर. एन. कौल आणि सुरजीत कौर यांचा १९८५ चा निबंध त्यात नेहमी उद्धृत होतो.

एखादे फल यांपैकी कोणत्या वर्गात बसते हे थेट तपासणे कठीण असते. चौथ्या घाताच्या बहुपदीची नुसती बहिर्वक्रता ठरवणेही सर्वसाधारणपणे एनपी-हार्ड, म्हणजे संगणकालाही झटपट जमेल अशी आशा नसलेले, काम आहे, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून सिद्ध झाले. म्हणून व्यवहारात फल मोडून पाहतात आणि बांधणीचे नियम लावतात. सर्वांत उपयोगी नियम असा: अंश अंतर्वक्र आणि ऋण नसलेला, छेद रेषीय आणि धन, आणि चढ सगळीकडे काढता येत असेल, तर गुणोत्तर स्यूडो-अंतर्वक्र.

खताच्या हिशेबात तो जसाच्या तसा बसतो. समजा एकरी खताची पोती वाढवत नेली तर उत्पन्न, हजार रुपयांत, २० अधिक पोत्यांची आठपट उणे पोत्यांचा वर्ग असे येते, आणि खर्च १० अधिक पोत्यांची दुप्पट. एका पोत्याला उत्पन्न २७, खर्च १२. दोनला ३२ आणि १४. तीनला ३५ आणि १६. चारला ३६ आणि १८. उत्पन्न चार पोत्यांना सर्वांत जास्त. शिल्लक तीन पोत्यांना सर्वांत जास्त, १९ हजार. रुपयामागचा परतावा मात्र २.२५, २.२९, २.१९, २.० असा चढून उतरतो आणि त्याचे शिखर सुमारे १.७ पोत्यांवर आहे. उत्पन्नाचा घटता चढ अंशाला अंतर्वक्र ठेवतो, खर्च रेषीय आहे, म्हणून परताव्याच्या या आलेखाला दुसरे शिखर असूच शकत नाही. १.७ पाशी चढ शून्य आला की पुढची पोती मोजून पाहायची गरज नाही.